सात पिढ्यांचा पासवर्ड

बिश्केक, फेब्रुवारी
(शिक्षक वसतिगृह, तिसरा मजला, रेडिएटर तापत नाही ती बाजू)

आदरणीय कालिचा एजे,

तुझ्या धाकट्या भावाचा, रिस्कुलचा, वाकून सलाम. गुरंढोरं आणि माणसं सुखरूप आहेत ना? (गुरांची चौकशी आधी, ही आपली रीतच, पण या खेपेला मी ती नुसती रीत म्हणून केलेली नाही. ते पुढे येईलच.) दाजींचा गुडघा कसा आहे? डोलोन घाटात बर्फ फार साचलंय असं कळलं, तेव्हा त्यांना उगाच घोड्यावर बसून मर्दुमकी गाजवू देऊ नकोस. इकडे मी मजेत आहे. रक्तदाब वाढलाय, झोप उडालीय आणि विद्यापीठात तोंड दाखवायला जागा उरली नाही, एवढं सोडलं तर उत्तम. आपाची, आपल्या माउलीची, तब्येत माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. डिसेंबरात ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला मोठ्या वस्तू दिसायला लागल्यात, म्हणजे माझे दोष तेवढे दिसतात, औषधाची बाटली अजून दिसत नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन वसंतात, नूरुझच्या सणानंतर. तोवर शहर सोडायचं नाही आणि चुलीच्या धुरापाशी फिरकायचं नाही, नाहीतर आहे तोही डोळा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आपा त्यांच्यासमोर 'बरं बाळा' म्हणते आणि घरी आली की गाठोडं बांधायला बसते.

आता तू म्हणशील, खिशात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो. एजे, फोनवर बोलताना आपा माझ्या शेजारी बसलेली असते. तिचे डोळे अधू असले तरी कानांना काही झालेलं नाही. दोन मजले खालच्या बाईने सुनेला काय म्हटलं ते ही इथून सांगते. तेव्हा काही गोष्टी कागदावरच बऱ्या. जोल्चू उद्या नारिनला सफरचंदांची पोती घेऊन येतोय, त्याच्या हाती हे देतो. (हो, तोच जोल्चू, काकांचा. आपल्या विद्यापीठाच्या कोठारावर बसतो आणि वसतिगृहात तळमजल्याला राहतो. त्याचे पराक्रम पुढे वाचशीलच, पण चहा त्याला व्यवस्थित दे, आपलाच आहे.)

तर, तू पाठवलेल्या भेटीबद्दल. आपा शहरात यायला तयार नव्हती तेव्हा तिने एकच अट घातली आणि ती तू मला न विचारता मान्य करून टाकलीस: रोज संध्याकाळी तिला तिची काश्का दिसली पाहिजे. कपाळावर पांढरा पट्टा असलेली ती तांबडी गाय म्हणजे आपल्या दोघांनंतरचं आपाचं तिसरं अपत्य, आणि लाडाचा हिशेब केला तर पहिलं. फोनवर दाखवून पाहिलं असतं, पण आपाच्या डोळ्यांना फोनमध्ये सगळंच झुरळाएवढं दिसतं. (शिवाय फोनवर तू चांगली बोलत असतेस आणि गोठ्याकडे निघालीस की नेमकी तुझी लाईन तुटते. असो.) म्हणून नोव्हेंबरात तू तो स्मार्ट पडदा पाठवलास, आणि त्याच गाडीने हिवाळ्याच्या मांसाचं पोतं. मांस बाल्कनीत गोठवून ठेवलं, ते अजून पुरतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पडदा भिंतीवर लावला. खिडकीएवढा आहे, बोललेलं ऐकतो, रशियनमध्ये गोड आवाजात उत्तर देतो. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने एकच उत्तर दिलंय: कृपया मला इंटरनेटला जोडा.

तुला वाटत असेल, त्यात काय मोठंसं. तुमच्याकडे डबा भिंतीला, पासवर्ड डब्याच्या पोटाला, आणि तो पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ. इथे विद्यापीठ आहे, एजे. इथे सोपी गोष्ट सोपी राहिली तर लोक आम्हाला पगार कशाला देतील? आमचं नवं जाळं सुरक्षित आहे. ते आधी तुमचं नाव विचारतं, मग तुमचा पासवर्ड विचारतं, मग स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करून 'मी खरा वाटतो का' असं तुम्हालाच विचारतं, आणि हे सगळं झाल्यावर आत घेतं. बिचाऱ्या पडद्याकडे पासवर्ड टाकायची एकच चौकट. नाव विचारलं की तो गोंधळतो, प्रमाणपत्र पाहिलं की रुसतो. माझ्या फोनवरून त्याला परस्पर इंटरनेट द्यावं म्हटलं, तर दुसऱ्याच दिवशी दारावर फर्मान: वसतिगृहात खासगी जाळी पसरवू नयेत. खाली सही, सापार ओमुरोविच, संगणक विभाग प्रमुख. हा गृहस्थ वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, पण हसताना त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही.

या सापार ओमुरोविचने आम्हा सगळ्या शिक्षकांना मोठ्या सभागृहात बसवून सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं. विषय एकच, आपला पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. ऐकून कुणाला काही वाटलं नाही. कुणालाही म्हणजे परक्याला, असंच सगळ्यांनी धरलं. मग पशुवैद्यकाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला आणि विचारलं, "बाळा, घरी पाहुणा आला आणि त्याने मागितला तर?" सापार ओमुरोविच म्हणाला, पाहुण्यालाही नाही. सभागृहाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भाकरीवर पाय दिला. म्हातारबुवांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आणि व्याही आले तर?" आता सापार ओमुरोविचचंही दोन वर्षांपूर्वी लग्न झालंय. त्याने चष्मा पुसला, आणि म्हणाला, "व्याही आले तर मला फोन करा."

पाहुण्यांसाठी वेगळं जाळं आहे, ते सांगायचं राहिलंच. दुसऱ्या देशांत म्हणे पाहुण्यांचं जाळं हळू चालणारं आणि घरापासून तुटक ठेवतात, म्हणजे येणारा-जाणारा घरातल्या पेटीला हात लावू शकत नाही. सापार ओमुरोविचनेही तसंच केलं होतं. रेक्टरांना हे कळलं तेव्हा ते लालबुंद झाले. पाहुणा दाराशी बसणार? आपल्या विद्यापीठात? पाहुण्याची जागा दारापासून लांब, सगळ्यांत वरच्या, मानाच्या गालिच्यावर! तेव्हापासून सगळ्यांत वेगवान तार पाहुण्यांना, आणि आम्ही घरचे लोक मागे दाराच्या फटीत. परिणाम तुला सांगायला नको. आठवड्याभरात विद्यापीठात पाहुणेच पाहुणे झाले. वरच्या मजल्यावरची झाडू मारणारी चकती पाहुणी, वाचनालयातला टीव्ही पाहुणा, उपकुलगुरूंच्या माशांना दाणे टाकणारा डबा सन्माननीय पाहुणा. पास तीन दिवसांचा, कारण तीन दिवस पाहुण्याला का आलास असं विचारायचं नसतं. चौथ्या दिवशी विचारतात.

मीही तुझा पडदा पाहुणा म्हणून न्यायचं ठरवलं. पण पाहुण्याला आत घेण्याआधी ते जाळं एक पान उघडतं, त्यावर नियम असतात, आणि खाली 'मला मान्य आहे' हे दाबावं लागतं. तुझा पडदा पान उघडत नाही. तो म्हणतो आधी इंटरनेट द्या, मग पान उघडतो. जाळं म्हणतं आधी पान दाबा, मग इंटरनेट देतो. मी दोघांच्या मधे उभा राहून संध्याकाळभर मध्यस्थी केली. आपा चहा ढवळत हे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाहुणा दारात उभा आहे आणि तुम्ही त्याच्याकडे सही मागताय? तुमच्या या शाळेला आईबाप आहेत की नाही?" मग उठून तिने गाठोडं आतल्या खोलीतून आणून दाराशी ठेवलं. पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत काश्का दिसली नाही तर त्याच दिवशीच्या गाडीने मी निघाले, असं जाहीर केलं. एजे, तिने एकदा दाराशी ठेवलेलं गाठोडं परत आत नेल्याचं तुला आठवतं का? मला तरी नाही. आणि घरी गेली की तो दुसरा डोळा गेलाच समज; या वयात बर्फात घाट ओलांडून ती पुन्हा इकडे कशाला येते?

तेव्हा राहिला शेवटचा, अधिकृत मार्ग. ज्यांना डोळे-बोटं नाहीत अशा वस्तूंसाठी तिसरं जाळं आहे. वस्तूच्या बुडाला बारा अक्षरी आकडा असतो, तो विद्यापीठाच्या पानावर जाऊन आपल्या नावावर नोंदवायचा, विभागाने दुसऱ्या सकाळी मंजुरी द्यायची, मग त्या वस्तूला तिची स्वतःची किल्ली मिळते आणि ती बाकी कुणाच्या भानगडीत न पडता आपल्या कोपऱ्यात चालते. खरं सांगतो, कल्पना चांगली आहे. माणसांसाठीही करायला हवी. प्रत्येक शिक्षकाला पाच वस्तूंची मुभा. मात्र त्या पानावर जायला माझा पासवर्ड हवा, आणि तो मी कुणालाही सांगितला नव्हता, इतका गुपित ठेवला होता की मलाही आठवत नव्हता.

पासवर्ड विसरलेल्यांसाठी एक गुपित प्रश्न असतो. बाहेरून आलेल्या मूळ व्यवस्थेत तो होता: तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय. आमच्या समितीने तो बाद केला, कारण आपल्याकडे निम्म्या कुत्र्यांचं नाव अक्तोश आणि उरलेल्यांना नावच नाही. समितीने महिनाभर चहा पिऊन अस्सल देशी प्रश्न शोधला: आपल्या सात पूर्वजांची नावं क्रमाने लिहा. बापापासून वर. कोणताही किरगिझ माणूस हे विसरू शकत नाही, असं म्हणून टाळ्या पिटल्या गेल्या. जे कुणीच विसरत नाही ते सगळ्यांनाच माहीत असतं, हा विचार मात्र त्या खोलीत बसलेल्या दोन डॉक्टरेटवाल्यांना शिवला नाही. (त्यांपैकी एक मी होतो. तू हसू नकोस.)

आणि एजे, मी विसरलो. चू खोऱ्यातल्या मातीचे थर मला झोपेतून उठवून विचार, घडाघडा सांगीन; पण ओरोझाली, बेक्तुर, चिनिबाय, सातिके, झान्ताय इथपर्यंत आलो आणि सहाव्यापाशी डोकं रिकामं. सातवा एशिम आठवतो, सहावा नाही. एरवी मी तुला फोन केला असता, पण तू हे दाजींना सांगितलं असतंस आणि दाजींनी तालुक्याला. प्रश्न लागू झाला तेव्हा काकांनी ही नावं भरून दिली होती, ते आता राहिले नाहीत. शेवटी लाज गुंडाळून स्वयंपाकघरात गेलो आणि आपाला हळूच विचारलं. हळूच हा शब्द माझ्याकडून झाला, तिच्याकडून नाही. "सहावा? बायतेमिर विसरलास? दूध प्यायला कधी विसरला नाहीस तो!" असं म्हणून तिने आधी माझ्या अकलेचा आणि मग रीतसर सात पिढ्यांचा उद्धार केला: प्रत्येकाचं नाव, त्याच्या घोड्याचा रंग, कुणाशी भांडला आणि कुठे मेला. मजल्यावरची दारं उघडली. माणसं बाहेर येऊन अदबीने उभी राहिली. एशिमपर्यंत पोचल्यावर सगळ्यांनी दुआ मागून तळहात तोंडावरून फिरवले, शेजारच्या गणिताच्या आयनाशबाईंचे डोळे भरून आले. अशा रीतीने माझ्या गुपित प्रश्नाचं उत्तर जाहीर झालं.

पान उघडलं. आत पाहतो तर माझ्या नावावर आधीच पाच वस्तू! एक किटली, एक टीव्ही, एक शेगडी, दाराची एक घंटा आणि दिव्यांची एक माळ. मला वाटलं यंत्राची चूक. मी किटली काढली आणि पडदा घातला. सकाळी मंजुरी येणार म्हणून आपाला चांगली आशेला लावून बसवलं, तर सकाळी पासवर्ड चुकीचा! पुन्हा सात नावं लिहून आत गेलो. पडदा गायब, किटली हजर. मी पुन्हा किटली काढली. दुसऱ्या सकाळी पुन्हा पासवर्ड चुकीचा, किटली पुन्हा जागेवर. असं चाललं होतं. मधेच एके दिवशी टीव्हीच्या जागी भात शिजवायचं भांडं दिसलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कुणाचा तरी दिवा. मला विद्यापीठातल्या भुताखेतांच्या गोष्टी आठवू लागल्या होत्या.

भूत अर्थात जोल्चू. काकांचाच मुलगा, आजोबांपासून वर त्याचे पूर्वज तेच माझे, आणि पहिलं नाव त्याच्या सख्ख्या काकांचं, ते काय त्याला माहीत नसणार? कोठारवाल्यांना वस्तूंची मुभा नाही म्हणून त्याने गेल्या उन्हाळ्यातच माझ्या नावावर आपला संसार मांडला होता. रोज संध्याकाळी येऊन बघायचा, किटली का काढली जातेय म्हणून वैतागायचा, सात नावं लिहायचा, मला बाहेर काढायचा. मी रोज सकाळी सात नावं लिहून त्याला बाहेर काढायचो. आठवडाभर आम्ही दोघे भाऊ एकमेकांना आपल्याच पूर्वजांच्या हातून घराबाहेर हाकलत होतो, आणि रोज जिन्यात भेटून तब्येतीची विचारपूसही करत होतो. विचारल्यावर मला, थोरल्या भावाला, म्हणाला, "बायके, मी काय चोरी केली? नावं आपल्या दोघांची आहेत." भात शिजवायचं भांडं आणि दिवा आयनाशबाईंचे. आपाचं पठण त्यांनी इतक्या श्रद्धेने ऐकलं होतं की पाठच झालं. मला म्हणाल्या, "दोनच दिवसांसाठी हो, अगाय, माझ्या पाचही जागा भरल्यात. तुमची जागा नुसतीच बदलत होती, म्हटलं आपणही बघावं."

हे सगळं उघडकीला आलं ते किटलीमुळे. जोल्चूने कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता. किटलीला काय बदलायचं, तिच्यात पाणीच तर आहे, असं त्याचं म्हणणं. कुठल्याशा परक्या देशातला कुणीतरी त्या किटलीत शिरून बसला, आणि सोमवारी डॉ. रिस्कुल यांची किटली परीक्षा विभागाच्या संगणकाचं दार ठोठावताना पकडली गेली. फेरपरीक्षेच्या तोंडावर! नशिबाने वस्तूंचं जाळं वेगळं होतं म्हणून तिला आत जाता आलं नाही. पण माझं खातं बंद, वस्तू बंद, आणि शिस्तभंगाची चौकशी सुरू. जन्मभर मातीत हात घालून एक डाग लावून घेतला नाही, तो एका किटलीने लावला.

मंगळवारी सापार ओमुरोविच स्वतः घरी आला. बूट काढले, बसायला नकार दिला. "अगाय, तुम्ही पासवर्ड कुणाकुणाला सांगितलात?" मी म्हटलं, कुणालाही नाही. "मग उत्तरं कुणाकुणाला माहीत आहेत?" मी खरं ते सांगितलं, की तिसरा मजला, तळमजला, आणि नारिन जिल्ह्यातले आपले सगळे नातेवाईक. तो म्हणाला, खातं सत्र संपेपर्यंत बंद राहील, नियम आहे. सत्र जूनमध्ये संपतं. मी दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि खरंच सांगतो, एजे, मला रडू आलं. मी त्याला आपाच्या डोळ्याचं, गायीचं, शनिवारचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा."

आपा इतका वेळ आत होती. बाहेर आली, त्याला दंडाला धरून वरच्या गालिच्यावर बसवलं, पुढे चहा आणि तळलेले बोर्सोक ठेवले, बाल्कनीतल्या त्या मांसातली शिजवलेली बरगडी ठेवली (ते वाढताना ती हल्ली गप्प असते), आणि विचारलं, "बाळा, तू कुणाचा?" नियमवाल्या माणसालाही या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. तो मांडी सावरून सांगायला लागला. आपा डोळे मिटून, मान हलवत ऐकत होती. सहाव्या नावाला, बायमुरातला, तिने डोळे उघडले. "थांब. कोणता बायमुरात? नदीपलीकडचा? ज्याची करडी घोडी होती?" तो म्हणाला, घोडीचं काही माहीत नाही. "तुला कुठून माहीत असणार! बायमुरात आणि आमचा बायतेमिर सख्खे भाऊ! त्या घोडीवरून भांडले आणि वेगळे झाले. अरे लेकरा, तू आमचाच की! आणि मघापासून दाराशी उभा?" एजे, मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्याने बरगडी हातात घेतली. दुसऱ्या कपाला तो मला शिक्षकाचं अगाय सोडून थोरल्या भावाचं बायके म्हणायला लागला. तिसऱ्या कपाला म्हणाला, की चौकशी आपण किटलीवर करू, माणसावर नको.

जाताना त्याने स्वतः पडद्याच्या बुडाचा आकडा उतरवून घेतला. कारखान्याचा पासवर्ड बदलला, जुनी झालेली आतली व्यवस्था ताजी केली, न विचारता ऐकत बसणारा कान बंद केला, आणि खातं साफ करून शुक्रवारी संध्याकाळी किल्ली देतो म्हणाला. माझा गुपित प्रश्नही त्याने बदलला. आता विचारतो: तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय. असो, मी अक्तोश लिहिलेलं नाही.

तेव्हा सगळं शेवटी गोड झालं. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळेला तू तयार राहा. आपाने नवा रुमाल काढून ठेवलाय. दाजींना सलाम, सगळ्यांना प्रेम, गुरांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
रिस्कुल

ता. क. : आता खरं काम. हे सगळं मी लिहिलं खरं, पण पडदा जुळावा म्हणून मी जितका धडपडत होतो तितकाच तो जुळू नये म्हणून देवाला विनवत होतो. नोव्हेंबरात, तू पडदा घेऊन झाल्यावर, अंगणातल्या बर्फावर घसरून काश्काचा पाय मोडला, तिला कापावं लागलं, आणि आपाला कळू द्यायचं नाही असं आपण दोघांनी ठरवलं. काश्का आमच्या बाल्कनीत आहे, एजे. जवळजवळ संपत आली. पडदा जुळला नाही तर आपा घरी येऊन रिकामा गोठा बघणार. जुळला तर इथे बसून बघणार, आणि तू इतका मोठा पडदा पाठवलास की गोठ्यातला कोळीसुद्धा दिसेल. तेव्हा शुक्रवारच्या आत कुठूनही एक तांबडी गाय मिळव. कपाळावर पट्टा नसला तर पीठ लाव. उजेड कमी ठेव, आणि गायीला बोलू देऊ नकोस. हे वाचून झालं की जाळून टाक.

ता. क. दुसरा : (हे अक्षर माझं आहे, शेजारच्या आयनाशचं. अगाय जोल्चूला शोधायला खाली गेलेत, पाकीट उघडंच ठेवून. आपाने मला बोलावून सगळं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. भातभांड्याचा भाग मी वगळला नाही. आता ती सांगते तसं लिहिते.)

कालिचा, पोरी, पीठ वाया घालवू नकोस. मी पहिल्याच घासाला ओळखलं. मी चारलेली गाय मला कळणार नाही? रात्री रडून घेतलं आणि सकाळी दुसरा तुकडा खाल्ला. तिला टाकून कसं देणार? तुमच्या तोंडावर काही बोलले नाही, कारण तुम्ही दोघं इतकी मेहनत करून खोटं बोलत होतात.

त्या संगणकवाल्या पोराला सांगू नका, पण बायमुरात कोण होता ते मला ठाऊक नाही. नदीपलीकडे कुणीतरी असेलच. पोरगं उपाशी होतं आणि भाऊ म्हटल्याशिवाय जेवणार नव्हतं.

आणि ऐक. गाय दाखवावी लागेल म्हणून तू हल्ली फोन लगेच ठेवतेस. आधी किती बोलायचीस. गाठोडं मी गायीसाठी बांधलं नव्हतं. शुक्रवारी गोठ्यात जाऊ नकोस. घरात दिव्याखाली बस, डोक्यावरचा रुमाल मागे सार, आणि हलू नकोस. डोळा नवा आहे, मला तुझं तोंड नीट बघायचंय.